गरम कागद

छापलेला कागद गालाला लावून तो ताजा आहे की शिळा हे ठरवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. प्रिंटरमधून कागद बाहेर आला की ते दोन्ही हातांनी तो उचलत, चष्मा कपाळावर सारत आणि कागद डाव्या गालाला टेकवत. गरम लागला की म्हणत, "आहे. आजचा आहे." मगच चष्मा खाली येई आणि वाचन सुरू होई.

मला तेव्हा त्याचं हसू यायचं. आता येत नाही. का येत नाही, ते सांगायला मी बरीच वर्षं लावली.

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, सिविल लाइंसच्या कडेला, ट्रस्टचं एक हॉस्पिटल आहे. मी तिथं कम्प्यूटर विभागात होतो, अजूनही आहे. ते तिथल्या किचनचे प्रमुख होते. स्वयंपाकी, आया, डॉक्टर, सगळे त्यांना बाबूजी म्हणत. मी काका म्हणायचो, कारण आमची दोन्ही घरं मराठी. ते मदन महालला राहायचे, आम्ही जरा पुढे. ते मला काय म्हणायचे? "अरे कम्प्यूटर." दहा वर्षं एका छताखाली काम केलं, पण त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. आणि हाच माणूस दोनशे पेशंटांची नावं, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट, सकाळी एकदा वाचून संध्याकाळपर्यंत ध्यानात ठेवायचा. आज वाटतं, माझ्या मत्सराची सुरुवात तिथेच कुठेतरी असावी. अनोळखी आजारी माणसांचा मला हेवा वाटायचा. त्यांना निदान नाव होतं.

किचनच्या कामासाठी नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा ते बसवण्याचं काम माझ्याकडे होतं. वॉर्डातल्या सिस्टरनी प्रत्येकाचं पथ्य भरायचं: साधं, मऊ, पातळ, बिनमिठाचं, साखरवाल्यांचं, आणि ज्याचं ऑपरेशन आहे त्याच्यापुढे 'उपाशी'. किचनमधल्या कम्प्यूटरवर ब्राउझर उघडला की त्या सगळ्याचा रिपोर्ट दिसायचा. बघायचा, छापायचा, पातेली चढवायची. इतकं सोपं.

मला वाटलं होतं, साठीच्या जवळ आलेला हा माणूस महिन्याभरात हात टेकेल आणि मला विनवण्या करत माझ्या खोलीशी येईल. तसं काही झालं नाही. पहिल्याच आठवड्यात मी किचनमध्ये गेलो तर माउस पोळपाटावर ठेवलेला.

"काका, हे काय?"

"ओटा तेलकट आहे ना बाप्पा. स्टीलच्या थाळीवर ठेवून पाहिलं, तुमचा उंदीर जागचा हलेना. पोळपाटावर बघ कसा पळून राहिला."

खरंच पळत होता. पुढे ट्रस्टचे साहेब पाहुणे घेऊन आले की त्यांना आधी तो पोळपाट दाखवायचे. "देखिए, इस उमर में भी बाबूजी ने सब सीख लिया." पाहुणे फोटो काढायचे. सीख लिया, हे खरं. सिखाया किसने, हे कोणी विचारलं नाही. मी बाजूला वायर हातात धरून उभा असायचो.

स्क्रीनवरचं ते वाचत, पण त्यावर विसंबत नसत. "दिसतं सगळं. पण हातात आल्याबिगर माझं मन मानत नाही," म्हणायचे. कागद गालाला लावून झाला की ते मधल्या मोठ्या शेगडीपाशी उभे राहत आणि सगळं किचन गप्प होई. पहिल्यांदा उपाशी माणसांची नावं. हळू आवाजात, पूर्ण नाव, पलंगाचा नंबर. प्रत्येक नावानंतर स्वयंपाकी म्हणायचे, "जी बाबूजी." मी एकदा विचारलं, जे जेवणारच नाहीत त्यांची नावं किचनमध्ये आधी काहून वाचता? ते म्हणाले, "जेवणाऱ्याला थोडं मागंपुढं झालं तर तो ओरडते. हा ओरडत नाही, कम्प्यूटर. याला चुकून दिलं तर हा बिचारा खाऊन घेते."

आणि त्या यादीतल्या पहिल्या माणसाचं ऑपरेशन होऊन त्याला पाणी पाजल्याचा निरोप वॉर्डातून येईपर्यंत ते स्वतः चहा घेत नसत. कधी दहा वाजायचे, कधी बारा. कोणी आग्रह केला तर म्हणत, "घेईन ना. घाई काय आहे?" मला हा निव्वळ देखावा वाटायचा. पाहणारं कोणी नसतानाही ते तसंच करतात, हे एकदा दाराआडून पाहिलं, तेव्हा तर जास्तच राग आला.

वापरून झालेले रिपोर्ट ते कोणाला पुऱ्यांखाली घालू देत नसत. "नावं आहेत त्याच्यावर." कोऱ्या मागच्या बाजूच्या पट्ट्या कापून थाळीवर ठेवायच्या चिठ्ठ्या करायचे, उरलेले कागद घरी न्यायचे. काकू ते भिजवून, कुटून, मेथी घालून लगद्याच्या टोपल्या करायच्या. हॉस्पिटलात निम्म्या बायकांकडे ती टोपली होती. माझ्या घरीही होती. आई त्यात लसूण ठेवायची.

एका गोष्टीसाठी मात्र ते माझ्या खोलीशी आले. रिपोर्ट दोन पानांवर यायचा. "दोन पानं झाली की एक हरवते. मला सगळं एका पानावर पाहिजे." मी दोन दिवस खपलो. अक्षर बारीक केलं, कडा कमी केल्या, तरी तीन ओळी उरायच्या. शेवटी मी वरची पट्टीच काढून टाकली. त्या पट्टीत हॉस्पिटलचं नाव आणि रिपोर्ट कोणत्या तारखेचा, किती वाजेपर्यंतचा, ते लिहिलेलं असायचं. कागदाच्या तळाशी तारीख-वेळ छापली जायचीच, म्हणून मी म्हटलं, चालेल. पण तळाची तारीख रिपोर्टची नसते, कागद छापल्याची असते. ती ब्राउझर आपला आपण टाकतो. हे मला माहीत होतं. त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

एका पानाचा रिपोर्ट निघाला आणि साऱ्या हॉस्पिटलात त्याला नाव पडलं, 'बाबूजी वाला रिपोर्ट'. दुसऱ्या मजल्यावरची मेट्रन मलाच म्हणाली, "भैया, बाबूजी वाला रिपोर्ट हमारे यहाँ भी लगा दो ना." मी लावून दिला.

त्याच सुमारास माझे वडील पडले. कमरेचं हाड मोडलं, आमच्याच हॉस्पिटलात तीन आठवडे होते. बाबांची सारी नोकरी तोफा बनवणाऱ्या कारखान्यात गेली. मोजून बोलणारा माणूस. मी पहिला आलो तरी "बरं" आणि नापास झालो तरी "बरं". हे बाबा सकाळी सातपासून दाराकडे बघत बसायचे. ते कोणाची वाट बघतात हे कळायला मला तीन दिवस लागले. काका रोज पहिल्या थाळीबरोबर वॉर्डातून फेरी मारत, प्रत्येकाशी दोन शब्द बोलत. बाबांच्या पलंगाशी थांबून म्हणत, "आज मऊ, मीठ कमी. पण मी कढीपत्ता टाकला आहे, तुमच्या डॉक्टरसाहेबांना सांगू नका." आणि बाबा हसायचे. आवाज करून हसायचे. माझ्या लग्नातही मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

आता मूळ गोष्ट. काका घरी जाताना रिपोर्टचं पान बंद करून जायचे, त्यामुळे सकाळी नवीन उघडायचं. पण संध्याकाळच्या पाळीला एक नवीन बाई आल्या होत्या, त्या कधीकधी पान तसंच उघडं सोडून जायच्या. एका सकाळी मी किचनमध्ये प्रिंटरची शाई बदलायला गेलो तर स्क्रीनवर आदल्या संध्याकाळची यादी होती. उघडं राहिलेलं पान आपोआप नवीन होत नाही. एक बटण दाबून ताजं करावं लागतं. मी चाचणीसाठी एक प्रत काढली. यादी कालची, तळाशी तारीख आजची. आणि यादी कधीची ते सांगणारी वरची पट्टी तर मीच काढून टाकलेली. मी पान ताजं केलं. काका तेव्हा दूधवाल्याशी बोलत होते. म्हटलं, आले की सांगू.

ते आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे कम्प्यूटर, तू काहून उभा आहे इथं? फोडणी चालली आहे, तेल उडन, तुझी मशीन घाबरन." सगळे हसले. मी शाईची डबी उचलली आणि निघालो.

दुपारी बाबांकडे गेलो. ते म्हणाले, "तुझ्या हॉस्पिटलात एक माणूस कामाचा आहे." मी विचारलं नाही कोण. तेच पुढे म्हणाले, "त्याला सगळ्यांची नावं पाठ आहेत. तू काय करतो रे तिथं, नक्की?"

संध्याकाळी मी त्या नवीन बाईंना सांगितलं, "दीदी, छापण्याआधी पान ताजं करा, नाहीतर जुनी यादी निघते." त्यांनी बटणाचं नाव तळहातावर लिहून घेतलं. काकांना मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आठ दिवस नाही. विसरलो म्हणायला मला फार आवडेल. मी विसरलो नव्हतो. मनात एक वाक्य होतं आणि ते मला दर सकाळी आठवत होतं: एकदा तरी चुकू दे.

नवव्या दिवशी सकाळी साडेसहाला मी किचनच्या दारावरून गेलो. काका स्टुलावर बसून चहा पीत होते. साडेसहाला! त्यांनी मला बोलावलं. "ये, तू पण घे. आज उपाशी कोणीच नाही. एक नाव नाही यादीत. सगळे जेवणार आज." इतके खूश होते की बशीत ओतून पीत होते.

मी उभा राहिलो. आमच्याकडे ऑपरेशन नाही असा दिवस क्वचित जाई. पान उघडंच राहिलं असणार, हे माझ्या डोक्यात आलं. अगदी स्पष्ट आलं. चार पावलांवर तो पोळपाट होता. मी म्हणालो, "नाही काका, घाई आहे." आणि माझ्या खोलीत गेलो.

बरगीकडच्या एका बाईचं त्या दिवशी पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. सर्जनच्या सांगण्यावरून सिस्टरनी तिच्यापुढे 'उपाशी' भरलं ते आदल्या रात्री, उशिराच्या फेरीनंतर. कालच्या यादीत ती 'मऊ' होती. तिला दलिया गेला, चहा गेला. सिस्टरांची पाळी बदलत होती, पलंगावर पाटी लागायची होती. तिनं बिचारीनं खाऊन घेतलं. ऑपरेशन रद्द झालं, तीन दिवस पुढे गेलं. तीन दिवसांनी ते नीट झालं, ती बरी होऊन घरी गेली, एवढं मी आधीच सांगून टाकतो. पण तिचा मुलगा लांबच्या गावी नोकरीला होता, त्या एका दिवसाची सुट्टी काढून आला होता. तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. जाताना कॉरिडॉरमध्ये ओरडत होता, "किसकी गलती है? कोई तो बताए, किसकी गलती है?"

साहेबांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. टेबलावर तो कागद होता. मेट्रन म्हणाली, "बाबूजी, तारीख तो आज की ही है. छह बजकर चार मिनट." काकांनी कागद उचलला आणि सगळ्यांसमोर गालाला लावला. आता तो थंड होता. "गरम था, साहब," ते म्हणाले. "मैंने देखा था. गरम था."

साहेबांनी मला विचारलं, "सिस्टम में कोई गड़बड़?"

मी म्हणालो, "सिस्टम ठीक थी, सर. इनसे पुराना पेज छप गया होगा."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तेवढी काळजी मी घेतली होती.

काका माझ्याकडे बघून "अच्छा" म्हणाले. नवीन काही शिकायला मिळाल्यासारखी मान हलवली. बाहेर आल्यावर जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "गरम होता, तारीख आजची होती, मग यादी शिळी कशी रे?"

"होतं कधीकधी," मी म्हणालो.

बाबांच्या कानावर गोष्ट गेलीच. "त्या माणसाची चूक नसन," ते म्हणाले. मग विचारलं, "कागद कोठून येते?"

"मशीनमधून."

"मशीन कोणाची?"

"मशीन बरोबर होती, बाबा. त्यांनीच जुना छापला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे तोंड केलं. "बरं," म्हणाले.

काकांना कोणी काढलं नाही. ते स्वतःच आठवड्याभरात निघाले. निरोपाला हार नको, भाषण नको. पोळपाट पुसून जागेवर ठेवला आणि म्हणाले, "गालाचा भरोसा नाही राहिला आता. चलो." पुढे किचनचे रिपोर्ट माझ्या ताब्यात आले. मी वरची पट्टी परत घातली, दोन पानं झाली तर होऊ दिली, प्रत्येक पाळीला बटण दाबायला शिकवलं. मी त्याला 'डाएट रिपोर्ट' असं नाव दिलं. स्वयंपाकी अजून 'बाबूजी वाला'च म्हणतात. आणि खरं सांगतो, इतकं सगळं करूनही ते ऐकलं की मला अजून तसाच हेवा वाटतो.

बाबा घरी आले, नंतर चार वर्षं जगले. माझी बायको खिचडी करायची, ते दोन घास खाऊन म्हणायचे, "चांगली आहे. पण त्या माणसाची..." आणि वाक्य तिथंच सोडायचे. मी त्यांना खरं सांगितलं नाही. रोज वाटायचं सांगावं, आणि मग वाटायचं, त्यांच्याकडे माझ्याविषयी जे काही थोडं बरं मत असेल, तेही कशाला घालवायचं.

या वर्षी त्यांची पेटी आवरताना चष्म्याच्या डबीत एक कागदाची पट्टी सापडली. थाळीवरची चिठ्ठी. काकांच्या अक्षरात बाबांचं पूर्ण नाव, खाली 'मऊ, मीठ कमी', आणि कंसात 'कढीपत्ता'. मागच्या बाजूला माझ्या रिपोर्टच्या अर्ध्या कापलेल्या ओळी. बाबांनी माझ्या प्रमाणपत्रांतलं एकही जपून ठेवलं नव्हतं. मी ती पट्टी खिशात ठेवली. मग चपला घातल्या आणि मदन महालला गेलो.

काका घरापुढच्या ओट्यावर वाटाणे सोलत होते, लगद्याच्या टोपलीत. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. वरची पट्टी, तळाची तारीख, उघडं राहिलेलं पान, आठ दिवस, चहा. "एकदा तरी चुकू दे" हेही सांगितलं, ते सांगताना मला स्वतःचीच लाज वाटली. काकू दारात येऊन थांबल्या होत्या. मला वाटलं, हा माणूस आता एक तर रडेल, नाही तर मला हाकलून देईल. दोन्हीची तयारी होती.

त्यांनी शेंग सोलणं थांबवलं. "म्हणजे कागद थंड झाला तेव्हाही तो शिळाच होता आणि गरम होता तेव्हाही शिळाच."

"हो काका."

"मग आता सगळ्यांना ते बटण दाखवलं आहे?"

"हो. पट्टीही परत लावली."

"चांगलं केलं." मग त्यांचा चेहरा पडला. "पण बाप्पा, मग तर घोळ झाला."

"काय?"

"मी त्या बाईकडे बरगीला जाऊन माफी मागून आलो ना तेव्हा. चूक माझी, म्हणून सांगून आलो. मुलालाही फोन लावून सांगितलं. आता ते खोटं झालं." ते उठले, हात झटकले. "पुन्हा जावं लागन. तुझी गाडी आहे ना? चल."

"आत्ता?"

"नाही तर काय अजून इतकी वर्षं थांबतो?" काकू आतून म्हणाल्या. माझ्याशी त्या एवढंच बोलल्या.

वाटेत तिलवाऱ्याच्या पुलावर वारा फार होता. काका मागे बसून माझ्या खांद्यावर एक हात ठेवून होते, आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. बरगीच्या अलीकडे आत वळलो. त्या बाईनं त्यांना लांबूनच ओळखलं. "अरे बाबूजी! आओ, बैठो." त्यांच्यासाठी खाट ओढली, मला स्टूल दिलं. हेही मी टिपलं. अशा वेळीही मला ते दिसलंच. तिनं चहा आणला. काकांनी कप हातात घेतला नाही, खाटेच्या कडेला ठेवला.

"ये हमारे साथ के हैं," ते म्हणाले. "इनको आपसे कुछ कहना है."

मी सांगितलं. जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत, जमेल तसं सांगितलं. ती ऐकत होती, मधेच काकांकडे बघत होती. "तो बाबूजी, आप झूठी माफी माँग गए थे?"

"मुझे भी अभी पता चला, बाई."

ती माझ्याकडे वळली. मग मला म्हणाली, "लड़का आज भी पूछता है. कहता है, इतना बड़ा अस्पताल, एक बूढ़े की गलती से तो नहीं रुका होगा. अपना नाम बताओ भैया. मैं उसको बताऊँगी."

मी माझं नाव सांगितलं.

"पूर्ण सांग," काका हळूच म्हणाले. "वडिलांच्या नावासकट. यादीत पूर्ण असते."

मी बाबांच्या नावासकट पूर्ण सांगितलं. तिनं ते एकदा माझ्यामागून म्हटलं, चुकलं, म्हणून पुन्हा म्हटलं. हळू, एकेक शब्द. दुसऱ्या वेळी बरोबर आलं.

मग काकांनी कप उचलला.